यात काय धरलेलं नाही?

घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: फुटाला काय रेट? ठेकेदार एक आकडा सांगतो, लोक त्याला क्षेत्रफळाने गुणतात आणि बँकेत कर्जाचा अर्ज भरतात. पण फूट कुठला? घराच्या आतला, की बाल्कनी-जिन्यासकट सगळ्या स्लॅबचा? शिवाय कुंपणभिंत, सेप्टिक टँक, बोअर, विजेचं मीटर, नकाशा मंजुरीची फी हे त्या रेटमध्ये बहुधा नसतंच. तसं आपणहून सांगतंय कोण?

खरं अंदाजपत्रक मोजमापापासून सुरू होतं. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ४१७ घनफूट, जवळपास सव्वाचार ब्रास काँक्रीट. एम-२० प्रतीचं काँक्रीट धरलं तर सिमेंटची नव्वद-पंच्याण्णव पोती. सळईचंही तसंच. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागलं की मीटरमागे किलो निघतात. १२ मिलिमीटरची सळई ०.८९ किलो भरते. हे आकडे कुणाच्या मर्जीवर नाहीत. कुणी फारच स्वस्तात करून देतो म्हणाला, तर सळई कमी घालणार की सिमेंट, हे त्याला सरळ विचारावं.

दर मात्र हलतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि आदल्या दिवशीची अंदाजपत्रकं शिळी झाली. दरापुढे तारीख हवी ती यासाठी.

सगळ्यात महागात पडते ती जमीन. काळ्या रानात पाच फुटांवर मुरूम लागेल असं धरलं आणि तो नऊ फुटांवर लागला, तर खोदाई, कॉलम, भराव सगळंच वाढतं. याला ‘अनपेक्षित खर्च’ म्हणणं मला पटत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे गावात कुणाला ठाऊक नसतं? आधी एक चाचणी खड्डा घ्यायचा, एवढंच.

सरकारी कामांचं काय वेगळं आहे? गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली ती ३७२ कोटींची. सुधारित आकडा पुढे १८ हजार कोटींवर गेला. महागाई आणि रेंगाळलेली वर्षं यांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण गावं बुडणार, माणसं हलवावी लागणार, हे तर नकाशावर पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

तेव्हा सही करण्यापूर्वी ठेकेदाराकडून दोन कागद मागा. एक मोजमाप, दर आणि तारखेचा. दुसरा, यात काय धरलेलं नाही त्याचा. दुसरा द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याला काम देऊ नका.