परतीची वाट आधी

भामरागड हे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावरचे गाव. पर्लकोटेला पूर आला की पूल बुडाला आणि गावाचा संपर्क तुटला, असे कित्येक पावसाळ्यांत घडले आहे. अशा दिवशी तिथल्या कार्यालयातला सर्व्हर बंद पडला, तर नागपूरचा तंत्रज्ञ पोहोचणार कसा?

सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरवणारा संगणक. त्याला वीज मिळताच जागे करणारा, चिपमध्ये भरलेला मूळ प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. त्यातले दोष काढून कंपन्या नवी आवृत्ती देतात. ती घ्यावीच लागते. पण भरताना मध्येच वीज गेली, तर यंत्र कायमचे झोपू शकते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर कित्येक संगणकांचा हाच मूळ प्रोग्रॅम खराब केला. मग चिप बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल त्याला कारण होती. ते फर्मवेअर नव्हते, पण अडचण याच जातीची. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तोवर सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले होते. जो संगणक सुरूच होत नाही, तो दुरुस्ती घेणार कुठून? बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जावे लागले.

म्हणून तयारी कोरड्या दिवसांत करावी. चालू आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तिची फाइल जवळ असू द्यावी, इंटरनेटच्या भरवशावर नव्हे. सोबतचे माहितीपत्रक तर नीट वाचावेच. काही आवृत्त्या एकदा भरल्या की सुरक्षेसाठी जुनीकडे परतूच देत नाहीत, आणि हे तिथे बारीक अक्षरात लिहिलेले असते. (कवीला समासातले वाचायची सवय असते, ती इथे कामी येते!) यंत्राच्या सेटिंग्जची नोंद कागदावरही हवी. माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे दुसऱ्या यंत्रावर पाहावे. न उघडलेल्या प्रतीला मी प्रत म्हणत नाही. यूपीएसची बॅटरी तपासावी. बऱ्याच सर्व्हरना दुरून हाताळण्यासाठी वेगळे पोर्ट असते. ते आधी चालवून बघावे.

यंत्रे अनेक असतील, तर पहिले ते घ्यावे जे बंद पडले तरी कोणाचे काम अडणार नाही. आणि किती वाजेपर्यंत जमले नाही तर जुन्या आवृत्तीवर परतायचे, ती वेळ सुरुवातीलाच फळ्यावर लिहावी.