कोपराचा नियम

रब्बीची ज्वारी निघून शिवार मोकळे झाले की वाशी तालुक्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक लागतात. काळ्या रानात पाणी मारून, रोलर फिरवून खेळपट्टी तयार होते, चुन्याने सीमारेषा आखली जाते आणि एकेक संघ दिवसात दोन-तीन सामने खेळून जातो. या सामन्यांत एक वाद हटकून होतो. समोरचा गोलंदाज चेंडू टाकतोय की फेकतोय? कोपर सरळ ठेवून हात खांद्यातून फिरवला तर ठीक. कोपरात वाकवून झटक्याने सोडला तर नो-बॉल.

क्रिकेट आणि बेसबॉल यांच्या वाटा नेमक्या याच वादाच्या जागी फुटल्या आहेत. बॅट, चेंडू, धावा, झेल दोन्हीकडे आहेत. एका खेळाने कोपराच्या झटक्यावर बंदी घातली, दुसऱ्याने त्याला मोकळीक दिली. चेंडूचा वेग, त्याचा हवेतला मार्ग, फलंदाजाच्या हातातले लाकूड आणि खेळाडूच्या शरीराचा कोणता भाग आधी निकामी होणार, हे सगळे बऱ्याच अंशी त्या एका कलमाने ठरवले आहे.

सुरुवातीला दोन्ही खेळांत चेंडू कमरेखालून हात फिरवूनच टाकत. क्रिकेटने १८६४ मध्ये हात खांद्याच्या वर न्यायला परवानगी दिली, पण फेकायची बंदी कायम ठेवली. अमेरिकेच्या बेसबॉलमधल्या नॅशनल लीगने १८८४ मध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातावरची बंधने काढून टाकली. त्यानंतर पिचर इतका भारी पडू लागला की १८९३ मध्ये त्याला मागे सरकवावे लागले. तेव्हा ठरलेले ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर आजही तेच आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, पण गोलंदाजाच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंत मोजले तर १७.६८ मीटरच भरते.

अंतर असे जवळजवळ सारखे. आता वेग पाहा. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटरने चेंडू टाकला. एरॉल्डिस चॅपमन या क्यूबात जन्मलेल्या पिचरने २०१० मध्ये ताशी १७०.३ किलोमीटर गाठले. शोएब जवळजवळ सीमारेषेपासून धावत यायचा. चॅपमन दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक लांब पाऊल टाकतो आणि चेंडू सोडतो. धाव न घेता एवढा वेग येतो कुठून?

येतो तो कोपर आणि खांद्यातून. पिचर पाऊल टाकतो तेव्हा आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा. वाकलेला हात मुद्दाम मागे राहतो, खांद्याभोवतीचे स्नायू ताणले जातात. मग हात पुढे सुटतो. त्या क्षणी खांद्यात दंडाचे फिरणे सेकंदाला सुमारे सात हजार अंशांपर्यंत पोचते. मानवी शरीराच्या हालचालींत याहून वेगवान फारसे काही मोजले गेलेले नाही.

क्रिकेटच्या गोलंदाजाला ही वाट बंद आहे. त्यामुळे त्याला वेग धावून आणावा लागतो आणि एका क्षणात धाव थांबवून तो हाताकडे पोचवावा लागतो. पुढचा पाय जमिनीवर आदळतो, गुडघा शक्य तितका ताठ राहतो, धड त्या पायावरून पुढे फेकले जाते आणि सरळ हात वरून फिरतो. आपल्याच जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरला गोलंदाजी करताना पाहिले तर हे लक्षात येते. २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटी रुपयांना घेतले. त्याचा चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या घरात जातो. त्याचे बळ हातात शोधू नका, ते त्या पुढच्या पायाच्या दणक्यात आहे.

कोपर अगदी सरळ राहते, असेही नाही. मुथय्या मुरलीधरनच्या शैलीवरून १९९५ पासून जो वाद पेटला, त्यातून वैज्ञानिकांनी वेगवान कॅमेरे लावून मोजमाप केले. तेव्हा कळले की डोळ्यांना निर्दोष दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्याच गोलंदाजांचे कोपर चेंडू सोडताना थोडेफार सरळ होते. मग आयसीसीने १५ अंशांची मर्यादा आखली. तेवढे अंश नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून वाशीच्या मैदानावरचा तो वाद कुणालाच मिटवता येत नाही, आणि त्यात पंचाचा काही दोष नाही.

चेंडू हातातून सुटला की पुढचे काम हवेचे. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. आकारात बेसबॉल किंचित मोठा. खरा फरक शिवणीत आहे. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी मधोमध सरळ फिरते. गोलंदाज ती जरा तिरकी धरतो. एका बाजूची हवा शिवणीवर आपटून खळबळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, चकचकीत बाजूची हवा शांतपणे वाहते आणि लवकर सुटते. चेंडूमागचा हवेचा माग त्यामुळे एका बाजूला वळतो आणि चेंडू उलट बाजूला. हाच स्विंग. रवींद्र मेहता या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने यावर वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग केले आणि १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये ते सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. पुढे ते अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात काम करू लागले.

बेसबॉलवर १०८ दुहेरी टाके असतात आणि ते नागमोडी जातात, त्यामुळे गुळगुळीत बाजू अशी राहतच नाही. पिचर चेंडूला मिनिटाला दोन हजारांहून जास्त गिरक्या देतो. फिरता चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसरीकडे सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याने १८५२ मध्ये हा परिणाम अभ्यासला. मागच्या दिशेने गिरकी दिली तर चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, पुढच्या दिशेने दिली तर बॅटजवळ येऊन एकदम कोसळतो. मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ते अलीकडचे संशोधन. बेसबॉलच्या अभ्यासकांना काही चेंडू असे सापडले, ज्यांचे वळण नुसत्या गिरकीने उलगडत नव्हते. कारण निघाले शिवणीचेच: तिची जागा नेमकी पडली की मागचा हवेचा माग सरकतो. क्रिकेटचे वेगवान गोलंदाज शतकभर जे करत आले, त्याचाच हा भाऊबंद.

आता ही हवा वाशीत आणून पाहू. वाशी ज्यावर आहे ते बालाघाटाचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे तोच गोलंदाज, तोच चेंडू. पण आपल्याकडे स्विंग तेवढ्या प्रमाणात कमी, आणि शंभर मीटर जाणारा फटका दोनेक मीटर पुढे. अमेरिकेतले डेन्व्हर शहर १६०० मीटरवर आहे. तिथे चेंडू इतके लांब जात की २००२ पासून ते आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवू लागले, कारण ओलसर चेंडू बॅटवरून कमी जोराने उसळतो.

क्रिकेटमध्ये या सगळ्यात आणखी एक खेळाडू उतरतो तो म्हणजे माती. चेंडू टप्पा घेतो, आणि टप्प्यानंतर काय होईल हे ओल, भेगा आणि रोलर यांवर ठरते. सुकली की भेगाळणारी आपली काळी माती सकाळच्या आणि दुपारच्या सामन्यांत दोन वेगळे खेळ खेळते. बेसबॉल सहसा टप्पा घेत नाही. मातीला लागला की तो चेंडू बदलून नवा दिला जातो. कसोटीत एकच चेंडू किमान ८० षटके चालवतात, आणि त्याचे झिजणे हेच डावपेचांचे भांडवल असते. बॅटचेही तसेच. टप्प्यावरून येणाऱ्या चेंडूसाठी ४.२५ इंच रुंद सपाट लाकूड, सरळ हवेतून येणाऱ्यासाठी जास्तीत जास्त २.६१ इंच व्यासाचा गोल दांडा. गोलावर गोल आपटतो तेव्हा काही मिलिमीटरच्या चुकीने फटका आकाशात जातो किंवा जमिनीत. म्हणून तिथे दहा प्रयत्नांत तीन यशस्वी करणारा थोर ठरतो. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने ०.४०६ ची सरासरी राखली. त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन लीगच्या पूर्ण हंगामात ०.४०० पार करणारा दुसरा निघाला नाही.

एवढे साम्य असून जगाचे दोन भाग का पडले? खेळांच्या गुणदोषांपेक्षा वाहकांमुळे, असे माझे मत आहे. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. बेसबॉलची धावफलक-पद्धत घडवणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज आणि क्रिकेटचा वार्ताहर होता. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या छावण्यांत सैनिकांना खेळपट्टी लागत नसलेला खेळ सोयीचा पडला. तो शिक्षकांनी जपानला आणि विद्यार्थ्यांनी क्यूबाला नेला. ब्रिटिश छावण्या आणि शाळांनी क्रिकेट आपल्याकडे आणले. आज आयसीसीचे शंभराहून अधिक सदस्य देश आहेत, तरी २०१८ च्या तिच्याच पाहणीनुसार एक अब्जाहून अधिक चाहत्यांपैकी सुमारे ९० टक्के भारतीय उपखंडातले. क्रिकेटची लोकप्रियता प्रचंड आहे, पण ती एका जागी दाटलेली आहे. जपान, कोरिया, तैवान, डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला असा पसरलेला बेसबॉल संख्येने मागे असून भूगोलाने ऐसपैस आहे.

या दोन जगांमधली भिंत आता ठिकठिकाणी खचते आहे. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरी मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानला टी-ट्वेंटी विश्वचषकात हरवले. सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, पेशाने सॉफ्टवेअर अभियंता. आणि ते मैदान मुळात बेसबॉलचे, नंतर क्रिकेटसाठी बदललेले. चेंडूचा मार्ग टिपणारी ‘हॉक-आय’ कॅमेरा यंत्रणा २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणात आली, २०२० पासून तीच बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक पिच मोजते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये दोन्ही खेळ असतील. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच झाला.

कोपराच्या नियमाची किंमत खेळाडूचे शरीर मोजते. बेसबॉलमध्ये ती कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध भरतो. तो तुटला की पूर्वी कारकीर्द संपे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातला स्नायुबंध बसवला. तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. पिचर शोहेई ओहतानीच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. क्रिकेटमध्ये किंमत कंबर भरते. पुढचा पाय आपटतो तेव्हा जमीन शरीराच्या वजनाच्या पाच ते सात पट जोराने उलट ढकलते, त्याच वेळी पाठ एका बाजूला झुकते आणि वळते. कमरेच्या खालच्या मणक्यांना, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, बारीक तडा जातो. जसप्रीत बुमराहला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

वाढत्या वयात हाडे पुरती पक्की झालेली नसतात, तेव्हा हा धोका जास्त. अमेरिकेत १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त पिच टाकू नयेत आणि ६६ किंवा अधिक टाकल्यावर चार दिवस विश्रांती घ्यावी, असा दंडक २०१४ पासून सांगितला जातो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा घातली होती. आपल्या स्पर्धांत सहा-आठ षटकांचे सामने असतात, म्हणून काळजी नाही असे वाटू शकते. टेनिसचा चेंडू जेमतेम ५८ ग्रॅमचा, म्हणूनही. पण पाठीवरचा दणका चेंडूच्या वजनाचा नसतो, धावत येणाऱ्या मुलाच्या वजनाचा असतो, आणि उन्हाळ्यातली कडक काळी जमीन तो जराही शोषत नाही. शनिवारी एका गावात तीन सामने, रविवारी दुसऱ्या गावात दोन, मधल्या दिवसांत सराव. प्रत्येक स्पर्धेची वही वेगळी, त्यामुळे एकूण किती चेंडू टाकले याचा हिशेब कुणाकडेच नसतो. धावा आणि बळी लिहिणाऱ्या त्या वहीत मुलाच्या वयाचा रकाना वाढवायला आणि संघाच्या कप्तानाने महिन्याचे चेंडू एका पानावर मांडायला काहीही खर्च येत नाही. कंबर दुखते म्हणणाऱ्या पंधरा वर्षांच्या गोलंदाजाला मलम चोळून पुन्हा धावायला न लावता डॉक्टरकडे न्यायला हवे, कारण साध्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही आणि वेळेत कळला तर बहुतेक वेळा नुसत्या विश्रांतीने भरून येतो.