मुरुमांचे वण आणि सुईचा भराव

संत्र्याची साल दुरून गुळगुळीत दिसते. हाती घेऊन उजेडात फिरवली म्हणजे तिच्यावरचे बारीक खळगे दिसू लागतात. पांढुर्णा-सौंसरकडील वाचकांना ही गोष्ट सांगावयास नको. मुरुम येऊन गेल्यावर तरुण मुलामुलींच्या गालांवर जे वण मागे राहतात, त्यांचीही अशीच तऱ्हा असते. समोरून पडलेल्या प्रकाशात ते फारसे जाणवत नाहीत. परंतु दिवा एका बाजूस असला की प्रत्येक खळग्यात सावली साठते आणि चेहरा खडबडीत भासू लागतो.

हे वण भरून काढणारी ‘फिलर’ नावाची सुई हल्ली मोठ्या शहरांतून मिळते, आणि तिची वार्ता मोबाईलच्या द्वारे तिगावसारख्या गावीही येऊन पोहोचते. घरात लग्नाची मुलगी असली, पाहुणे पाहावयास येणार असले, म्हणजे आईबापांच्या मनात येते : बागेचे चार पैसे हाती आहेत, पोरीचा चेहरा तेवढा नीट करून घ्यावा काय? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्यात कष्टाचा पैसा आहे, मुलीचे मन आहे, आणि प्रसंगी तिची दृष्टीही आहे. म्हणून या सुईने काय साधते आणि काय साधत नाही, हे आम्ही येथे नीट मांडीत आहोत.

प्रथम वण पडतो कसा, ते पाहू. आपल्या त्वचेत तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. वयात येताना त्या अधिक तेल सोडू लागतात; छिद्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात, दाह होतो आणि मुरुम फुगतो. हा दाह खोलवर गेला म्हणजे त्वचेला आधार देणारे तंतू, ज्यांना वैद्यकात कोलॅजन म्हणतात, ते नाश पावतात. जखम भरते, पण आधार पूर्ववत होत नाही. वरची त्वचा तेथे खचते. शेतातील माती वाहून गेल्यावर तेवढीच जागा खोलगट राहावी, तसाच हा प्रकार.

येथे एक भेद अवश्य ध्यानी धरावा. मुरुम गेल्यावर जो सपाट काळसर किंवा लालसर डाग उरतो, तो वण नव्हे. तो रंगाचा दोष आहे. ऊन टाळल्याने आणि योग्य औषधाने तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. त्याला फिलरचा काडीचाही उपयोग नाही. उलट जो खरा खळगा आहे, तो कोणत्याही गोरेपणाच्या मलमाने भरत नाही. कारण तेथे दिसणारा काळेपणा पुष्कळदा रंगाचा नसून सावलीचा असतो, आणि सावलीवर मलम चालत नाही.

खळगेही सर्व एका जातीचे नसतात. वैद्य त्यांचे तीन प्रकार मानतात. काही दाभणाने टोचल्यासारखे, तोंडाशी अरुंद पण खोल असतात. काही पेटीसारखे, उभ्या काठांचे व सपाट तळाचे असतात. काही लाटेसारखे, पसरट व उताराचे असतात. फिलरचा खरा लाभ या तिसऱ्या प्रकारास होतो; दुसऱ्या प्रकारातील उथळ वणांसही थोडाबहुत होतो. पहिल्या प्रकारास मात्र तो जवळजवळ होतच नाही. विंधनविहिरीच्या भोवतालची जमीन उंचावली म्हणून विहीर बुजत नाही. तद्वत अशा वणाखाली भराव घातला तर भोवतालची कड वर येते आणि छिद्र अधिकच उठून दिसते. या वणांस तज्ज्ञ डॉक्टर छोटी शस्त्रक्रिया करतात, किंवा तीव्र आम्लाचा थेंब नेमका आत टेकवितात. असले आम्ल घरी कोणी हाताळू नये.

आपला वण कोणत्या जातीचा, याचा अंदाज आरशापुढे करता येतो. खिडकीपाशी, बाजूने उजेड येईल असे बसावे आणि दोन बोटांनी वणाभोवतालची त्वचा हलकेच ताणावी. ताणल्यावर खळगा नाहीसा झाला किंवा पुष्कळ कमी झाला, तर त्याखाली भराव घातल्याने फरक पडण्याचा संभव आहे. ताणूनही तो जसाच्या तसा राहिला, तर फिलरवर पैसा खर्चण्यापूर्वी दहादा विचार करावा. अर्थात अंतिम निर्णय डॉक्टरचाच.

खळगा भरून काढण्याची कल्पना नवी नाही. १८९३ साली नॉयबर या जर्मन शल्यवैद्याने रुग्णाच्या दंडातील चरबी काढून चेहऱ्यावरील खचलेल्या वणांत भरली होती. पुढे काहींनी मेण टोचून पाहिले. त्याच्या कठीण गाठी झाल्या आणि चेहरे विद्रूप झाले. आज जो भराव अधिक प्रचारात आहे, त्याचे नाव हायलुरोनिक आम्ल. नाव आम्लाचे असले तरी ते जाळीत नाही. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत निसर्गतःच असतो. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो १९३४ साली गाईबैलांच्या डोळ्यांतून प्रथम वेगळा केला. पाणी धरून ठेवण्याचा त्याचा गुण असल्यामुळे त्याचा दाट रस वणाखाली सोडला की त्वचा वर उचलली जाते, खळगा उथळ होतो आणि त्याबरोबर सावलीही विरते. अमेरिकेत अशा पहिल्या फिलरला २००३ मध्ये मान्यता मिळाली.

पुष्कळदा वणाखाली तंतूंचे दोर निर्माण होतात आणि ते त्वचेला खाली खेचून धरतात. तेव्हा डॉक्टर आधी सुईने ते दोर तोडतात आणि नंतर भराव घालतात. या जोडउपायाने नुसत्या भरावापेक्षा अधिक गुण येतो. सावळ्या त्वचेस लेसर किंवा आम्लाच्या उपचारानंतर काळे डाग पडण्याची भीती असते. ती फिलरने पुष्कळ कमी असते, ही त्याची जमेची बाजू होय.

मात्र हा भराव कायमचा नव्हे. शरीर तो हळूहळू शोषून घेते. साधारणतः सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत तो टिकतो, आणि पुढे खर्च पुन्हा करावा लागतो. एका सिरिंजेचे मोल हजारांत जाते, आणि दोन्ही गालांस एक पुरेलच असे नाही. कायम टिकणारा भरावही आहे. प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांच्या अशा एका फिलरला अमेरिकेत २०१४ मध्ये, एकवीस वर्षांवरील रुग्णांच्या गालांवरील मुरुमांच्या वणांसाठी, मान्यता मिळाली. परंतु हायलुरोनिक आम्लाचा भराव बिघडला तर तो विरघळविणारे औषध आहे. या मण्यांना ते नाही. कायमच्या उपायात चूकही कायमची होते.

आता धोक्याविषयी. थोडी सूज, लाली किंवा निळसर डाग येणे स्वाभाविक असून ते काही दिवसांत जातात. परंतु सुईतील रस चुकून रक्तवाहिनीत शिरला तर रक्ताचा मार्ग तुंबतो. त्वचेचा तेवढा भाग मरू शकतो. आणि नाक, भुवया व डोळ्यांभोवतीच्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने, क्वचित का होईना, अंधत्व येते. सुई घेताना किंवा नंतर असह्य वेदना झाल्या, त्वचा पांढरी फटक पडली, जाळीसारखे निळे चट्टे उठले, किंवा दिसण्यात फरक वाटला, तर क्षणही न दवडता डॉक्टरकडे धावावे. येथे दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

म्हणूनच ही सुई ब्यूटी पार्लरमध्ये कधीही घेऊ नये. सुईवाचून दाबाने रस आत सोडणारी ‘पेने’ विकली जातात; त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. चेहरा सोपवावयाचा तो त्वचारोगाच्या पदवीधर तज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे. कोणता पदार्थ घालणार, तो विरघळविण्याचे औषध हाताशी आहे काय, हे प्रश्न विचारण्यास संकोचू नये. तिगाव नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि एम्समध्ये त्वचारोग विभाग आहेत. खाजगी दवाखान्यात पैसा ओतण्यापूर्वी तेथे एकदा सल्ला घेतलेला बरा. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी ही सुई टाळावी. ज्यांच्या जखमा वाढून जाड होतात, त्यांनी डॉक्टरांस ते आधी सांगावे. आणि ज्यांच्या चेहऱ्यावर अद्याप मुरुम फुलत आहेत, त्यांनी आधी मुरुमच बरे करून घ्यावे. एरवी एक खळगा भरावा तो दुसरा पडावा, असे व्हावयाचे.

सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे. सोळा वर्षांच्या मुलाचे मुरुम ‘वयाने जातील’ म्हणून सोडू नयेत, ते नखांनी फोडू देऊ नयेत. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त गोरेपणाची मलमे परस्पर आणू नयेत. त्यांनी मुरुम बळावतात व त्वचा पातळ होते. अशी अनेक मलमे २०१८ पासून चिठ्ठीवाचून विकण्यास आपल्या देशात मनाई आहे. वेळीच केलेल्या थोड्या औषधाने जो वण पडतच नाही, तो नंतर हजारो रुपयांनीही पूर्ण पुसला जात नाही. उत्तम हातांनी घातलेला भरावही वण कमी करतो. त्वचा पूर्वीसारखी करून देत नाही.

आणखी एक गोष्ट सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या आजीआजोबांच्या पिढीत देवीचे वण घरोघरी होते. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. तोपर्यंत असे चेहरे घेऊन किती माणसांनी संसार केले, लेकरे वाढविली! ‘अर्धसत्य’ या १९८३ च्या चित्रपटात वेलणकर नावाचा मराठी फौजदार रंगवून ओम पुरी यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला, तो वणांनी भरलेल्या चेहऱ्यानेच. पांढुर्ण्याच्या गोटमारीत मुलाच्या कपाळावर धोंड्याची खूण उमटली, तर तिच्यापायी त्याचे लग्न अडते काय? मग मुलीच्या गालावरील मुरुमाच्या खुणेनेच का अडावे?

मुलीला स्वतःलाच वणांचा त्रास वाटत असेल, तर तिला हसू नये. उपचार घेण्यात काही गैर नाही. पण तिला त्रास नसता केवळ पाहुण्यांच्या नजरेसाठी तिच्या चेहऱ्यावर सुई चालवू नये. निर्णय तिचा असावा, हात तज्ज्ञाचा असावा, आणि खर्च घराला पेलेल इतकाच असावा.