लॉकेट, मंगळसूत्र आणि कोलारची खाण

मागच्या दिवाळीत निपाणीला गेलो, तेव्हा आत्याच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक काळं गोल लॉकेट दिसलं. ‘क्वांटम लॉकेट’ म्हणे. साडेतीन हजार रुपये. ओळखीतल्याच एकाने घरी येऊन विकलेलं. “ह्यानं अंगातल्या कणांची गती वाढते, मग त्यांचे क्वांटम गुण जागे होतात आणि गुडघे दुखायचे थांबतात बघ,” आत्याने मला समजावलं. वर म्हणाली, “तू इंजिनिअर न्हवं? तुला ठाऊकच असेल की.”

मी बीई झालो तो कॉम्प्युटरमध्ये. फिजिक्सशी गाठ पहिल्या वर्षापुरती. पण लॉकेटपायी आत्याने डॉक्टरांकडची तपासणी पुढे ढकलली होती, त्यामुळे नुसतं हसून विषय सोडणं जमेना. शिवाय प्रश्न खरा आहे. कण हलला की त्याचे गुण बदलतात का?

काही बदलतात. १९२४ साली लुई द ब्रॉय्ली या फ्रेंच तरुणाने आपल्या प्रबंधात मांडलं की प्रत्येक कणाबरोबर एक लाट असते आणि तिची लांबी त्याच्या संवेगावर, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. संवेग जास्त, तर लाट आखूड. तीनच वर्षांनी इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हे प्रयोगात दिसलं. आता हिशेब करा. हजार किलोची कार ताशी ऐंशीच्या वेगाने तवंदी घाट उतरते आहे. तिच्या लाटेची लांबी मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हापुढे सदतीस शून्यं आणि मग तीन. ती कुठल्याच यंत्राला दिसणार नाही. इलेक्ट्रॉन मात्र प्रकाशाच्या एक टक्का वेगाने निघाला, तर त्याची लाट एखाद्या अणूएवढी भरते, आणि अणूच्या मापाची लाट अणूच्या जगात धुमाकूळ घालणारच.

म्हणजे ‘क्वांटम गुण जागे’ करायचे असतील तर कणांचा वेग वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो! १९९५ साली अमेरिकेत कोलोरॅडोत रुबिडियमचे अणू इतके गार केले, की त्यांच्या लाटा लांबून एकमेकींत मिसळल्या आणि हजारो अणू एकाच लाटेसारखे वागू लागले. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्याच कामातून आइनस्टाइनने हे भाकीत केलं होतं. तापमान होतं शून्याखाली २७३ अंशांच्या अगदी तळाशी. आत्याच्या गुडघ्याला ते परवडणारं नाही.

वेगवान कणांची गंमत बघायची तर लॉकेटशेजारचं मंगळसूत्र बघा. सोनं पिवळं का आणि चांदी पांढरी का? सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात, चांदीच्या ४७. केंद्राची ओढ जितकी जबर, तितके आतले इलेक्ट्रॉन वेगवान. सोन्याच्या सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास जातो, चांदीत तो ३४ टक्के. (इलेक्ट्रॉन ग्रहासारखा गोल फिरतो असं नाही, हा त्याच्या हालचालीचा अंदाजी वेग.) इतक्या वेगाला आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते. अणूतल्या काही कक्षा आवळतात, काही पसरतात आणि दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर कमी होतं. त्यामुळे सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि उरलेला पिवळसर प्रकाश आपल्याकडे परत येतो. चांदीत हेच शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात होतं, म्हणून ती पांढरी. लग्नात घातलेलं प्रत्येक गंठण सापेक्षतेचा पुरावा आहे, हे मला तरी कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

कारची बॅटरी तर त्याहून भारी. तिच्यातल्या शिशाचेही आतले इलेक्ट्रॉन असेच पळत असतात. २०११ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे राजीव आहुजा आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं, की १२ व्होल्टच्या बॅटरीतले सुमारे १० व्होल्ट सापेक्षतेमुळे मिळतात. इलेक्ट्रॉन निवांत असते तर सकाळी गाडीच सुरू झाली नसती.

वेगाने बदलत नाहीत असेही गुण आहेत. विद्युतभार बदलत नाही. चहाचं आधण गॅसवर ठेवलं की त्यातल्या कणांची गती वाढते, इलेक्ट्रॉन आणि जड अणुकेंद्रं वेगवेगळ्या वेगाने धावतात. वेगामुळे भार बदलला असता तर भांड्याला हात लावताच झटका बसला असता. पूर्वीची काही पुस्तकं वेगाबरोबर वस्तुमान वाढतं असं शिकवायची. आता वस्तुमान तेच ठेवून ऊर्जा आणि संवेग वाढला असं म्हणायची पद्धत आहे. स्पिनचंही तसंच. नावावरून भोवरा आठवतो, पण इलेक्ट्रॉनचा स्पिन पळाल्याने वाढत नाही की थांबल्याने संपत नाही.

मग लॉकेट करतं काय? अंगातल्या कणांची गती वाढवायची तर गरम चहाचा कप हातात धरला तरी पुरे. लॉकेट फार तर अंगाच्या उबेने स्वतःच थोडं कोमट होईल. काळजीची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशी लॉकेट, ब्रेसलेट धरून दहा वस्तू वापरू नका असा इशारा दिला. त्यांच्यातून किरणोत्सर्ग होत होता. प्रमाण थोडं, पण दिवसरात्र कातडीला चिकटून राहिलं तर इजा होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. आत्याचं लॉकेट त्यातलं आहे की नाही हे घरी तपासायची सोय नाही. एवढं सांगितल्यावर तिने ते काढलं आणि पुढच्या आठवड्यात बेळगावला डॉक्टरांकडे गेली. पैसे काही परत मिळाले नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो म्युऑन. अवकाशातून येणारे कण हवेच्या वरच्या थरात आदळतात, त्यातून पंधराएक किलोमीटर उंचीवर हे म्युऑन जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर जाता येतं. या हिशेबाने सातशे कोटींत एखादाच जमिनीपर्यंत पोचावा. प्रत्यक्षात तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो, आत्ता हे वाचतानासुद्धा. कारण वेगवान म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं. वेग प्रकाशाच्या ९९.८७ टक्के असेल तर आयुष्य वीस पट लांबतं. म्युऑनला विचाराल तर तो म्हणेल, माझं आयुष्य होतं तेवढंच आहे, तुमची हवाच आवळून वीस पट पातळ झाली आहे. दोघांचंही बरोबर.

अशा कणांचं आयुष्य मोजलं तर आइनस्टाइनची थेट परीक्षा होईल, हे १९३८ सालीच होमी भाभांनी लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते केंब्रिजला होते. पुढच्या वर्षी सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि १९५१ साली तिथल्या बी. व्ही. श्रीकंठन या कर्नाटकातल्याच तरुणाला कोलारच्या सोन्याच्या खाणीत धाडलं, म्युऑन जमिनीत किती खोल घुसतात ते मोजायला. दोन किलोमीटरपेक्षा जास्त खडकाखाली म्युऑन जवळजवळ संपतात आणि एरवी त्यांच्या गर्दीत हरवणारे न्यूट्रिनो दिसू लागतात. हवेत जन्मलेले न्यूट्रिनो १९६५ साली जगात पहिल्यांदा दोन ठिकाणी सापडले. एक कोलार, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली खाण. तीही सोन्याचीच.