बॅरलवरच्या खाचा आणि बाबांची एफडी

परवा एका मैत्रिणीसोबत बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर गेले होते. ती ५० मीटर रायफल थ्री पोझिशन खेळते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं, तोच इव्हेंट. सध्या तिच्या डोक्यात एकच विषय आहे, फ्लूटेड बॅरल. दिसायला जाम भारी! बाबा एफडी मोडायलाही तयार आहेत. पण त्याने स्कोअर वाढतो का?

फ्लूटिंग म्हणजे बॅरलच्या बाहेरून, लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचा. (आतून गोळीला फिरकी देतं ते रायफलिंग, ते वेगळं.) खाचा पाडल्या की बॅरल जास्त ताठ होतं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. उदाहरण देतात नागमोडी पत्र्याचं. पण पत्रा वाकवलेला असतो, त्यातलं काही कापून काढलेलं नसतं. इथे धातूच काढून टाकताय, मग ताठपणा वाढेल कुठून? उलट थोडा कमीच होतो.

तरी या समजुतीत थोडं तथ्य आहे. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्यामुळे सारख्याच वजनाची दोन बॅरल्स घेतली, एक बारीक आणि साधं, दुसरं जाड आणि खाचांचं, तर दुसरं जास्त ताठ भरतं. म्हणजे खरा फायदा वजनाचा. बायथलॉनवाले किमान साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन बर्फात स्कीइंग करतात, त्यांना ग्रॅम-ग्रॅम महत्त्वाचा. थ्री पोझिशनमध्ये मात्र वजन मित्र असतं. पुरुषांना ८ किलोपर्यंतची रायफल चालते आणि कित्येक नेमबाज बॅरलला वरून वजनं लावतात! पैसे देऊन वजन कमी करायचं आणि मग पुन्हा लावायचं, हे काही पटत नाही.

खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, बॅरल लवकर थंड होतं, हेही खरं. पण पॉइंट टू-टूच्या छोट्या गोळीने ते तापतंच किती?

एक धोकाही आहे. बॅरल बनताना धातूत ताण अडकून राहतो. नंतर खाचा पाडल्या की तो सुटतो आणि आतला व्यास किंचित बदलू शकतो. म्हणून चांगले कारखाने आधी उष्णतेने ताण घालवतात. इथल्या वर्कशॉपमध्ये ‘करून देतो ना’ म्हणणाऱ्याकडे तयार बॅरल अजिबात देऊ नये.

५० मीटरवरचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. तिथे फरक पडतो तो गोळ्यांच्या लॉटचा. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे ग्रुप देतात. म्हणून मोठे नेमबाज आपल्या बॅरलला कुठला लॉट मानवतो ते तपासून मगच साठा घेतात.

हे सगळं ऐकून मैत्रीण आधी रुसली. मग म्हणाली, “बाबांना सांगते, एफडी राहू दे. अर्ध्या पैशांत लॉट टेस्टिंग करू.” फ्लूटेड बॅरलचा वॉलपेपर मात्र तिच्या मोबाइलवर अजून आहे.