मंचर की नारायणगाव?

चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली की पहिले नाव सुचते राजगुरुनगरचे. तिथले भाडे झेपले नाही, तर मंचर, नारायणगाव. दोन्ही पुणे-नाशिक महामार्गालगत. खोली बघण्याआधी कंपनीची बस नेमकी कुठे थांबते आणि रात्रपाळीलाही येते का, हे विचारा. बाह्यवळण रस्ते झाल्यापासून गाडी गावात शिरेलच असे नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. म्हणून मळ्यातली स्वस्त खोली नुसती दिवसा बघून ठरवू नये. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर रुजू होणाऱ्याला नारायणगाव सोयीचे, डिंभ्याकडच्या शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षकाला घोडेगाव.

कागदाचे मात्र सगळीकडे सारखेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘पाहुण्यांच्या ओळखीतलेच तुम्ही, कागद कशाला?’ असे कोणी म्हटले तर चहा घ्या, पण करारही करा. अनामत रकमेचा आकडा त्यात लिहिलेला असावा. उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांआड येते, ते मालकापेक्षा शेजारणीला विचारलेले बरे.