तळेगावचा धडा

साहित्य, कला आणि शास्त्र यांचे एकत्र शिक्षण देणारे छोटे विद्यापीठ ही आज परदेशी आणि महागडी कल्पना समजली जाते. मावळाला ती सर्वस्वी नवी नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालयात पुस्तकी विद्येला उद्योगशिक्षणाची जोड होती. १९१० साली सरकारने ते बंद पाडले. त्याच गावी १९०८ मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला होता.

तेव्हा दार सरकारी हुकमाने मिटले. आज ते शुल्काने मिटते. गरीब विद्यार्थ्याच्या लेखी दोहोंत फरक तो कोणता? पैशाच्या वर्गणीतून कारखान्याची भट्टी पेटते, तर शिष्यवृत्तीचा निधी का उभा राहू नये?